खाणीचं गढूळ पाणी कुठे थांबवायचं?

पहिला जोराचा पाऊस पडून गेला की खडीच्या खाणीखालच्या ओढ्यातलं पाणी काचेच्या बाटलीत भरा, हलवा आणि खिडकीत ठेवा. रेती बघता बघता तळाला बसते. करडा गाळ संध्याकाळपर्यंत बसतो. पण दुसऱ्या दिवशीही वरचं पाणी ताकासारखंच दिसतं. खरी अडचण त्या ताकात आहे.

०.१ मिलिमीटरचा कण एक मीटर खाली जायला साधारण दोन मिनिटं घेतो. ०.०१ मिलिमीटरच्या कणाला तीन तास लागतात आणि ०.००१ मिलिमीटरच्या कणाला जवळजवळ तेरा दिवस, तेही पाणी अगदी स्तब्ध असेल तर. कण दहापट बारीक झाला की बसण्याचा वेग शंभरपट घटतो, हा स्टोक्सचा नियम. क्रशरखालची डस्ट आणि पाषाणावरून काढून टाकलेली माती, दोन्हींत असे बारीक कण भरपूर असतात.

आपल्याकडे खाणीला पर्यावरण मंजुरी देताना खाणीभोवती चर आणि खालच्या अंगाला गाळ बसवायचं तळं, या अटी हमखास असतात. २०१२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर पाच हेक्टरांपेक्षा लहान खाणींनाही ही मंजुरी लागू लागली. ओढ्या-नदीत सोडायच्या सांडपाण्यात तरंगते कण लिटरमागे १०० मिलिग्रॅमपर्यंतच चालतात, असं सर्वसाधारण मानक सांगतं. म्हणजे एका लिटरमध्ये चिमूटभर मिठाहूनही कमी गाळ.

चराचं काम सोपं, पण मोलाचं. डोंगरावरून येणारं स्वच्छ पाणी तो खाणीत शिरूच देत नाही, बाहेरून वळवतो. एक हेक्टरावर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर दहा लाख लिटर पाणी होतं. वरच्या डोंगराचं पाणीही खाणीत उतरू दिलं, तर कुठलंच तळं पुरणार नाही.

तळ्याबाबत मात्र एक गैरसमज सर्रास दिसतो: खोल खणलं की झालं. कण अडकतो की निसटतो हे मुख्यतः तळ्याच्या पसाऱ्यावर ठरतं. तेवढंच पाणी दुप्पट क्षेत्रावर पसरलं की निम्म्या वेगाने बसणारे कणही अडकतात. खोली हवी ती साठलेल्या गाळासाठी, आणि बसलेला गाळ पुन्हा ढवळून निघू नये म्हणून. पाणी आत शिरतं त्याच्या अगदी शेजारीच सांडवा ठेवला, तर ते तळं न फिरताच बाहेर पडतं. उरलेल्या अतिबारीक कणांसाठी तुरटी आहेच. आपल्या आज्या हंड्यात फिरवत तीच. तिच्यामुळे कण एकमेकांना चिकटून जड होतात.

मंजुरीच्या अटींचा सहामाही अहवाल १ जून आणि १ डिसेंबरला द्यायचा असतो. जूनचा अहवाल कोरड्या महिन्यांचा, म्हणून तळ्याची खरी तपासणी पहिल्या मोठ्या पावसात, सांडव्यावर उभं राहून व्हायला हवी असं मला ठामपणे वाटतं. त्याआधी, मे महिन्यातच, गेल्या वर्षीचा गाळ काढलेला असावा. आणि तो तळ्याच्या वरच्या काठावर ढीग करून ठेवू नये, नाहीतर पहिल्याच सरीत सगळा परत तळ्यात येतो.