पार्श्वभूमी : पाच बटणं आणि सहा तारा

जपानी आर्केडमध्ये १९९०च्या दशकाच्या अखेरीस ‘गिटार फ्रीक्स’ हा तीन बटणांच्या गिटारसारख्या कंट्रोलरवर खेळायचा गेम आला. पण गेम खेळून गिटारवादकांबद्दल आदर वाटू लागल्याची चर्चा सुरू झाली ती नोव्हेंबर २००५ मधल्या ‘गिटार हीरो’नंतर. प्लॅस्टिकच्या गिटारच्या मानेवर पाच रंगीत बटणं, खाली तारा छेडल्यासारखी दाबायची झंकारपट्टी. त्यावर गिटारवादकांचा आक्षेप ठरलेला: हाच वेळ खऱ्या वाद्याला दिला असता तर?

आक्षेप चुकीचा नाही, पण तो फक्त बोटांकडे पाहतो. खरा परिणाम झाला कानांवर. या गेममध्ये बटण चुकलं की फक्त गिटारचा आवाज गळतो. ड्रम, बास, गायन चालूच राहतं. वर्षानुवर्षं ऐकलेल्या गाण्यातून गिटार वजा झाली की काय उरतं, हे अनेकांना तेव्हा पहिल्यांदा कळलं. त्यासाठी प्रत्येक वाद्याचा वेगळा ट्रॅक लागतो. सुरुवातीच्या गेममधली बहुतेक गाणी मूळ ध्वनिमुद्रणं नव्हती, ती नव्याने वाजवून घेतलेली होती.

बोटांनाही काही धडे मिळालेच. डाव्या हाताने बटण आधी धरायचं, उजव्याने ठोका वेळेवर द्यायचा. हॅमर-ऑन आणि पुल-ऑफला तर झंकार न देता, केवळ डाव्या हाताने पुढचा सूर काढायचा. पहिल्या गेममध्ये हे इतकं काटेकोर होतं की बरेच जण प्रत्येक सुराला पट्टी हाणत सुटायचे. २००६ च्या दुसऱ्या भागात ते सैल झालं.

वादाचा मुद्दा निघाला २००७ च्या तिसऱ्या भागात. निर्माते बदलले होते आणि अवघड पातळ्यांवरच्या चार्टमध्ये, म्हणजे कधी कोणतं बटण दाबायचं याच्या मांडणीत, बटणांची गर्दी झाली. मूळ वादक साधा पॉवर कॉर्ड (दोनच सुरांची जोडी) वाजवतोय आणि पडद्यावर एकदम तीन बटणं, असे प्रकार दिसू लागले. खेळाडू याला ओव्हरचार्टिंग म्हणतात. त्याची बाजू घेणाऱ्यांचा युक्तिवाद असा: खऱ्या गिटारच्या सहा तारा आणि वीसेक पडदे (मानेवरच्या आडव्या पट्ट्या) पाच बटणांत बसवायचे म्हणजे प्रत्येक चार्ट ही तडजोडच. एकच हिरवं बटण एका गाण्यात एक सूर, दुसऱ्यात भलताच. मग थोडी अवघड तडजोड केली तर बिघडलं कुठे? बिघडतं ते इथे: वादकाचा हात जिथे विसावतो तिथे खेळणाऱ्याचाही विसावला, तो धावतो तिथे धावला, तरच त्या वादकाचं कसब कळतं. नसलेले सूर घुसडले की घाम निघतो, पण त्या घामाचं श्रेय वादकाला नाही, चार्ट लिहिणाऱ्याला द्यावं लागतं. तिसऱ्या भागातलं सर्वांत गाजलेलं अतिवेगवान गाणं मात्र मुळातच तसं होतं, म्हणून तिथल्या घामाचं श्रेय वादकांनाच.

त्याच वर्षी ‘रॉक बँड’ने ड्रम आणि माइक जोडले. २०१० मध्ये त्याच्या तिसऱ्या भागात प्रो मोड, म्हणजे खऱ्या वाद्याच्या जवळ जाणारा प्रकार, आला. त्यासाठीच्या एका कंट्रोलरच्या मानेवर १०२ बटणं होती: सहा तारा, सतरा पडदे. पाच बटणांवर पटाईत असलेली मंडळी इथे पुन्हा ‘सोप्या’ पातळीवर बसली. पण तोवर घराघरांत प्लॅस्टिकच्या गिटारी साचल्या होत्या. फेब्रुवारी २०११ मध्ये ‘गिटार हीरो’चा विभागच बंद झाल्याची घोषणा झाली. त्याच वर्षी ‘रॉकस्मिथ’ने कंट्रोलर बाजूला ठेवून खरी इलेक्ट्रिक गिटार केबलने जोडायला लावली. २०१५ मध्ये ‘गिटार हीरो’ परतला, तोही तीन-तीनच्या दोन रांगांतली सहा बटणं घेऊन; त्यामुळे बोटांना निदान कॉर्डच्या आकाराची चाहूल तरी लागली.

आता पाच बटणांचा खेळ मुख्यतः ‘क्लोन हीरो’ या चाहत्यांनी बनवलेल्या गेममध्ये टिकून आहे. तिथे चार्ट चाहतेच लिहितात. कुणी मूळ गिटार ऐकून सूर न् सूर उतरवतं, तर कुणी मुद्दाम कोणत्याच वादकाला न जमणारं काहीतरी रचतं. दोन्ही प्रकारांना खेळणारे आहेत.