ताज महाल (ब्लूज संगीतकार) : मिश्र शैलीचे अल्बम

ताज महाल : (१७ मे १९४२ – ). अमेरिकेतील आफ्रिकन-अमेरिकन ब्लूज (काळ्या अमेरिकनांचे लोकसंगीत) गायक, गिटारवादक, गीतकार. बँजो, माउथ ऑर्गन, पियानो, मँडोलिन व उकुलेले ही वाद्येही ते वाजवतात. मूळ नाव हेन्री सेंट क्लेअर फ्रेड्रिक्स (धाकटे). हे नाव वाचून मराठी वाचकाला आग्रा आठवेल, गेटवेसमोरचे हॉटेल आठवेल, नाहीतर चहाचा डबा. यांपैकी कशाशीच त्यांचा संबंध नाही. नाव मात्र त्यांनी भारतावरूनच घेतले आहे. तरुणपणी त्यांना गांधीजी, भारत आणि माणसामाणसांतील सहिष्णुता यांविषयी स्वप्ने पडत, त्यांतून १९६० च्या आसपास त्यांनी ते धारण केले. प्रत्यक्ष भारतीय वाद्यांबरोबरचा त्यांचा अल्बम त्यानंतर सुमारे पस्तीस वर्षांनी आला.

१९६८ पासून आजपर्यंत त्यांनी ब्लूजला जमैकाचे रेगे, कॅरिबियन बेटांचे कॅलिप्सो, हवाईचे संगीत, हिंदुस्थानी व कर्नाटक वाद्ये, मालीचे तंतुवाद्य कोरा आणि झांझिबारचे तारब संगीत यांच्याशेजारी बसवले. अशा उद्योगाला ‘फ्यूजन’ म्हणण्याची रीत आहे, पण इथे तो शब्द अपुरा पडतो. फ्यूजनमध्ये दोन परकी घरे जवळ आणली जातात. ताज महाल बहुतेक वेळा ब्लूजच्या विखुरलेल्या नातलगांना शोधत गेले आहेत. गुलामांची जहाजे, मजुरांची स्थलांतरे आणि बंदरांमधला व्यापार ज्या वाटांनी झाला, जवळपास त्याच वाटांनी त्यांचे अल्बम गेलेले दिसतात.

ब्लूजचा रूढ साचा साधा आहे. बारा खंडांचे आवर्तन, प्रत्येक खंड चार मात्रांचा. एक ओळ गायची, तीच पुन्हा गायची आणि तिसऱ्या ओळीत तिला उत्तर द्यायचे. खरी गंमत स्वरांत आहे. ब्लूजमधले गंधार आणि निषाद कोमल-शुद्धाच्या मधे कुठेतरी लागतात. पियानोच्या पट्ट्यांवर ते सापडत नाहीत. गळ्यातून ते सहज निघतात, आणि गिटारवर तार खेचून किंवा तिच्यावर काचेची नळी, बाटलीची मान अथवा सुरी घसरवून काढावे लागतात. १९०३ च्या सुमारास मिसिसिपीतील टटवायलर स्थानकावर संगीतकार डब्ल्यू. सी. हँडी यांनी एका अनोळखी माणसाला तारांवर सुरी दाबून गिटार वाजवताना पाहिले. ही पद्धत हवाई बेटांतल्या गिटारवादकांसारखी होती, असे त्यांनी पुढे लिहून ठेवले. हे निरीक्षण ताज महाल यांच्या पुढच्या प्रवासासाठी ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

ताज महाल यांचा जन्म न्यूयॉर्कच्या हार्लेममधला, बालपण मात्र मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्डमध्ये गेले. वडिलांचे घराणे कॅरिबियन, सेंट किट्स बेटावरून आलेले. वडील जॅझ पियानोवादक व संयोजक होते. आई दक्षिण कॅरोलायनाची, पेशाने शिक्षिका आणि चर्चमधील गॉस्पेल गाणारी. घरात शॉर्टवेव्ह रेडिओ होता आणि त्यावर देशोदेशीचे संगीत लागे. ताज अकरा वर्षांचे असताना ट्रॅक्टर उलटून वडिलांचा मृत्यू झाला. आईने पुढे जमैकाच्या गृहस्थांशी लग्न केले आणि त्यांच्याकडची गिटार या मुलाच्या हाती लागली. शेतीची ओढ मात्र संगीताइतकीच होती. सोळाव्या वर्षी ते एका दुग्धशाळेत कामाला लागले आणि मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात पशुपालन शिकले. ब्लूजच्या जन्मकथेत कापसाची शेते येतात ती सक्तीच्या कष्टांची जागा म्हणून. शेती आवडीने शिकलेला ब्लूज गायक विरळाच.

१९६४ मध्ये ते लॉस एंजेलिसला गेले आणि गिटारवादक राय कूडर यांच्याबरोबर ‘रायझिंग सन्स’ हा वाद्यवृंद काढला. काळे आणि गोरे वादक एकत्र असलेला हा गट कोलंबिया कंपनीने करारबद्ध केला, पण ध्वनिमुद्रित केलेला अल्बम तेव्हा बाजारात आणलाच नाही. तो निघाला १९९२ मध्ये. दरम्यान ‘ताज महाल’ व ‘द नॅचल ब्लूज’ (दोन्ही १९६८) या एकल अल्बमांनी त्यांचे नाव झाले. पहिल्या अल्बममध्ये त्यांनी ब्लाइंड विली मॅकटेल यांचे ‘स्टेट्सबरो ब्लूज’ विजेच्या गिटारवर आणले. त्यातली जेसी एड डेव्हिस यांची नळीची गिटार ऐकून रॉक गिटारवादक ड्वेन ऑलमन ती शैली शिकले आणि दक्षिणेकडच्या रॉकला आपला खास आवाज मिळाला. १९६९ च्या जोडअल्बममध्ये एक तबकडी वाद्यवृंदाची आहे, तर दुसरीवर ताज एकटेच, जुन्या ग्रामीण ढंगात. परंपरा आणि नवेपण इथे अजून वेगवेगळ्या खोल्यांत राहतात.

भिंत पडते ती सत्तरच्या दशकात. ‘द रिअल थिंग’ (१९७१) हा न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्टमधील प्रत्यक्ष मैफिलीचा अल्बम. त्यात हॉवर्ड जॉन्सन यांच्यासह चार ट्यूबावादक आहेत. बँडबाजातले ते अवजड पितळी वाद्य, एक नव्हे, चार! कल्पना विक्षिप्त वाटते, पण न्यू ऑर्लिन्सच्या मिरवणुकांत खर्जाची बाजू ट्यूबाच सांभाळत असे. म्हणजे ताज पुढे न जाता मागेच गेले होते. ‘मो रूट्स’ (१९७४) मध्ये बॉब मार्ली यांचे ‘स्लेव्ह ड्रायव्हर’ आहे. रेगे अमेरिकेत अजून रुळायचे असताना त्यांनी ते घेतले, आणि सावत्र वडिलांच्या घरात वाढलेल्या माणसाला ते काही दूरचे नव्हते. त्याच दशकाच्या उत्तरार्धातले अल्बम मात्र सैल आहेत. कॅरिबियन ठेका त्यांत नुसता आनंदी पार्श्वभूमीसारखा वाजत राहतो. १९७२ च्या ‘साउंडर’ या चित्रपटाला त्यांनी संगीत दिले आणि त्यात भूमिकाही केली.

१९८१ मध्ये ते हवाईतील काउआई बेटावर राहायला गेले. मासेमारीचा नाद हे एक निमित्त. तिथल्या मित्रांबरोबर त्यांनी ‘हुला ब्लूज बँड’ उभा केला. ‘सेक्रेड आयलंड’ (१९९८) हा त्या बँडचा ठळक अल्बम. उकुलेलेच्या हलक्या तालावर ब्लूज म्हटल्याने दुःखाची धार बोथट होते, असा आक्षेप घेता येतो आणि तो सर्वस्वी चुकीचा नाही. हँडी यांची सुरी ज्या बेटांची आठवण करून देत होती तिथे ब्लूजला परत नेण्यात औचित्य होते, एवढे मात्र खरे.

‘मुमताज महल’ (१९९५) हा भारतीय श्रोत्यांना सर्वांत जवळचा अल्बम. वॉटर लिली अकूस्टिक्सच्या कविचंद्रन अलेक्झांडर यांनी तो काढला. सोबत जयपूरचे विश्वमोहन भट्ट (मोहनवीणा) आणि एन. रविकिरण (चित्रवीणा). मोहनवीणा ही मुळात गिटारच, तिला चिकारीच्या व तरफेच्या तारा जोडून भट्टांनी घडवलेली. चित्रवीणा कर्नाटक संगीतातली, पडदे नसलेली, तारांवर गोटा फिरवून वाजवायची. हवाईची आडवी गिटार भारतात विसाव्या शतकात आली. हवाईयन वादक ताऊ मो चाळीसच्या दशकात कोलकात्यात राहत असत, आणि पुढे ब्रिजभूषण काबरा यांनी तिच्यावर राग वाजवून दाखवले. त्यामुळे या अल्बममध्ये तारेवर घसरण्याच्या तीन परंपरा एका खोलीत बसल्या आहेत.

गाणी मात्र तिकडची : रॉबर्ट जॉन्सन यांचे ‘कम ऑन इन माय किचन’, जमैकाचे ‘जॉनी टू बॅड’, ‘स्टँड बाय मी’. जॉन्सनच्या गाण्यात वीणेची मींड (स्वरावरून स्वरावर घसरत जाणे) ब्लूजच्या त्या अधल्यामधल्या गंधारावर अलगद टेकते तेव्हा अंगावर काटा येतो. असे क्षण थोडे आहेत. बऱ्याच ठिकाणी गाण्याचा साचा आधीच पक्का आहे आणि वीणांना ओळींमधल्या फटी भरण्याचे काम उरते. आलापाला जागा नाही, तालवाद्यांचा संवाद नाही. याच कंपनीसाठी भट्ट आणि कूडर यांनी केलेला ‘अ मीटिंग बाय द रिव्हर’ (१९९३) ग्रॅमी घेऊन गेला. त्यात गाणे नव्हते, त्यामुळे दोघेही मोकळे होते. दोन्ही पाठोपाठ ऐकले की शब्द ही किती मोठी चौकट असते ते कळते.

‘कुलांजान’ (१९९९) हा ताज महाल यांचा या वाटेवरचा सर्वोत्तम अल्बम मानावा लागेल. सहकारी मालीचे कोरावादक टूमानी दियाबाते (१९६५–२०२४) आणि त्यांचे साथीदार, ध्वनिमुद्रण जॉर्जिया राज्यातील अथेन्स गावात. कोरा म्हणजे भोपळ्याच्या अर्ध्या कवचावर कातडे ताणून केलेले एकवीस तारांचे वाद्य. ते वाजवणारे जेली हे पिढीजात गायक व वंशावळी सांगणारे, आपल्याकडच्या भाट-चारणांसारखे. कोऱ्याच्या तारा आधी जुळवलेल्या असतात, त्यावर मींड जवळजवळ नाही. म्हणून खेचलेला स्वर गळ्याकडे आणि गिटारकडे राहिला, तर कोऱ्याने सुटे, झिरपणारे स्वर दिले. कामाची वाटणी आपोआप झाली. बासेकू कुयाते यांचे न्गोनी हे बँजोच्या आफ्रिकी पूर्वजांच्या कुळातले तंतुवाद्य. ते या अल्बममध्ये ब्लूजच्या बरोबरीने वाजते. कोरावादक दोन्ही हातांचे अंगठे व तर्जनी वापरतात. ताज यांची बोटे गिटारवर अंगठा आणि मधले बोट अशी चालतात, आणि या दोन चालींत त्यांना सख्खे नाते दिसले. या अनुभवानंतर त्यांनी स्वतःला दादी कुयाते असे जेली घराण्याचे नावही लावले. ‘मुमताज महल’मध्ये पाहुणे यजमानाच्या घरी आले होते. ‘कुलांजान’मध्ये यजमान कोण हे सांगणे अवघड आहे.

‘म्कुतानो’ (२००५) झांझिबारच्या कल्चर म्युझिकल क्लबबरोबरचा. शीर्षकाचा स्वाहिली अर्थ ‘भेट’. तारब संगीतात कानून हे अरबी तंतुवाद्य, व्हायोलिन, आफ्रिकी ठेके आणि हिंदी चित्रपटगीतांच्या चालीही मुरलेल्या आहेत. अरबी समुद्राच्या पलीकडचा हा शेजार आपल्याकडे फारसा ऐकला गेलेला नाही. ‘माएस्ट्रो’ (२००८) पाहुण्या कलाकारांनी भरलेला आहे आणि त्याच कारणाने विस्कळीत.

ग्रॅमी पुरस्कारांत ब्लूजचे ‘समकालीन’ आणि ‘पारंपरिक’ असे दोन विभाग राहिले आहेत. ताज महाल दोन्हींत जिंकले. ‘सेन्योर ब्लूज’ (१९९७), ‘शाउटिन इन की’ (२०००) आणि ब्लूज गायक केब मो यांच्यासोबतचा ‘ताजमो’ (२०१७) समकालीन ठरले. कूडर यांच्याबरोबर पुन्हा एकत्र येऊन केलेला ‘गेट ऑन बोर्ड’ (२०२२) आणि टल्सा येथील मैफिलीचा अल्बम (२०२४) पारंपरिक ठरले. २०२५ मध्ये त्यांना ग्रॅमीचा जीवनगौरव मिळाला. ब्लूज हॉल ऑफ फेममध्ये त्यांचा समावेश २००९ मध्येच झाला होता.

‘सॅव्हॉय’ (२०२३) मध्ये त्यांनी ब्लूज बाजूला ठेवून स्विंग काळातली जॅझ गाणी गायली. हार्लेममधल्या सॅव्हॉय नृत्यगृहात चिक वेब यांच्या वाद्यवृंदाबरोबर एला फिट्झजेराल्ड गात असताना ताज यांच्या आईवडिलांची गाठ पडली होती, हे ते या अल्बमच्या सुरुवातीलाच बोलून सांगतात.