जपायचं कॉमिक, टाकायचं कॉमिक

छापील कॉमिक बरं की डिजिटल, हा वाद निघाला की कागदाचा वास आणि कपाटातली जागा हे दोन मुद्दे हमखास येतात. राहून जाते ती एक गोष्ट: कॉमिक ही मुळात जपून ठेवायची वस्तू नव्हतीच.

अमेरिकेत १९३३ साली ‘ईस्टर्न कलर प्रिंटिंग’ या छापखान्यानं वृत्तपत्रांतल्या रविवारच्या चित्रपट्ट्या लहान आकारात छापल्या, कागदाला घडी घातली आणि त्याची पुस्तिका केली. ती साबण वगैरे बनवणाऱ्या एका कंपनीनं कुपनांच्या बदल्यात फुकट वाटली. पुढच्याच वर्षी ‘फेमस फनीज’ स्टॉलवर दहा सेंटला मिळू लागलं. कॉमिकचा जो आकार आज आपल्याला जन्मजात वाटतो, तो असा वृत्तपत्राच्या घडीतून आला. कुणा चित्रकारानं विचार करून ठरवलेला नव्हे.

स्टॉलचा व्यवहारही रद्दीच्या वळणाचाच होता. न खपलेले अंक परत घेतले जायचे. पण अख्खा गठ्ठा परत धाडायला खर्च फार, म्हणून विक्रेता मुखपृष्ठाचा वरचा भाग फाडून तेवढाच पाठवी आणि त्याचे पैसे वळते करून घेई. उरलेला अंक लगद्यात. दुसऱ्या महायुद्धात रद्दी गोळा करण्याच्या मोहिमा निघाल्या आणि मुलांनी आपले गठ्ठे त्यात देऊन टाकले. जून १९३८च्या ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकाची, म्हणजे सुपरमॅन पहिल्यांदा दिसला त्या अंकाची, एक प्रत २०२४ मध्ये ६० लाख डॉलरला गेली. किंमत एवढी चढली, कारण बाकीच्यांनी तो अंक वाचून टाकून दिला होता.

रंगांचीही हीच कथा. जुन्या छपाईत निळसर, किरमिजी आणि पिवळ्या शाईच्या प्रत्येकी चार पायऱ्या असत: शून्य, पंचवीस, पन्नास आणि शंभर टक्के. तिन्हींच्या मिसळीतून ६४ छटा, वर काळी रेघ. रंगकार मूळ चित्राच्या नकलेवर प्रत्येक तुकड्यापाशी कोणती शाई किती टक्के, याचा संकेत लिहून देई. हलका वृत्तपत्री कागद शाई पिऊन घेणार, रंग मंदावणार, हे सगळं गृहीत धरलेलं. म्हणून तेच अंक पुढे गुळगुळीत पांढऱ्या कागदावर किंवा मागून उजेड येणाऱ्या स्क्रीनवर आले, तेव्हा चेहऱ्यांचा गुलाबी आणि आकाशाचा निळा डोळ्यांत खुपू लागला. जुनं कॉमिक स्क्रीनवर ‘भडक’ दिसतं ही तक्रार निव्वळ हळवेपणातून आलेली नाही.

पुढे रद्दीची वस्तू संग्रहाची झाली, आणि तीही व्यापारामुळे. १९७०च्या दशकात फिल स्यूलिंग यांनी प्रकाशकांकडून थेट माल उचलण्याची पद्धत रुळवली: सवलत जास्त, पण न खपलेले अंक परत घेणार नाही. आता उरलेला अंक फाडून चालणार नव्हतं. तो दुकानदाराचाच झाला, मग तो पिशवीत घालून, मागे पुठ्ठा लावून ‘जुना अंक’ म्हणून विकणं ओघानंच आलं. खास कॉमिकची दुकानं उभी राहिली, संग्राहक आले, त्यांच्या मागोमाग सट्टेबाज आले. १९९१ मध्ये ‘एक्स-मेन’च्या नव्या मालिकेचा पहिला अंक वेगवेगळ्या मुखपृष्ठांसह निघाला आणि ८० लाखांहून जास्त प्रती दुकानांत गेल्या. एवढ्या प्रती निघाल्यावर दुर्मीळ काय राहणार? फुगा फुटला, आणि डिसेंबर १९९६ मध्ये ‘एक्स-मेन’ची प्रकाशक असलेल्या खुद्द मार्व्हलनं दिवाळखोरीसाठी अर्ज केला. १९९७ मध्ये वितरणही जवळपास एकट्या डायमंड कंपनीच्या हाती एकवटलं.

संगणक या गोष्टीत मागच्या दारानं शिरला. १९८५ चं ‘शॅटर’ मॅकिंटॉशवर काढलेलं होतं, पण विकलं गेलं कागदावर छापूनच. स्क्रीनवर वाचायचं कॉमिक घरोघरी पोहोचवलं ते प्रकाशकांनी नव्हे, चोरून स्कॅन करणाऱ्यांनी. त्यांनी रुळवलेली ‘सीबीझेड’ फाइल आजही चालते. तिच्या नावामागचं ‘सीबीझेड’ हे शेपूट बदलून ‘झिप’ करा आणि उघडा. आत नुसती क्रमांक दिलेली पानांची चित्रं निघतात. जादू काहीच नाही.

प्रकाशक सावकाश आले. मार्व्हलची वर्गणी-सेवा २००७ ची, डिजिटल कॉमिक विकणाऱ्या कॉमिक्सॉलॉजीचं ॲप २००९ चं, आयपॅड २०१० चा. ऑगस्ट २०११ अखेरीस सुपरमॅनची प्रकाशक डीसीनं नवी मालिका सुरू केली आणि छापील व डिजिटल अंक एकाच दिवशी आणले, तेही एकाच किमतीला. कागद नाही, वाहतूक नाही, तरी किंमत तीच, यावर वाचक चिडले. कारण उघड होतं: दुकानदारांनी न परतीच्या बोलीवर माल घेतलेला, त्यांच्या पोटावर पाय आणायची हिंमत कुणात नव्हती.

पानांचं मात्र पुरतं जमलं नाही. छापील कॉमिकात उजव्या पानाची शेवटची चौकट उत्सुकता ताणते आणि उलटल्यावर डाव्या पानावर धक्का बसतो. स्क्रीनला डावं-उजवं नसतं. ॲपनं एकेक चौकट मोठी करून दाखवायची सोय केली, पण दोन पानांवर पसरलेलं चित्र फोनवर पाहणं म्हणजे खिडकीच्या फटीतून मिरवणूक पाहणं. मी अशा वेळी फोन आडवा करतो, बोटांनी चित्र ताणतो, आणि तेवढ्यात गोष्टीतून बाहेर पडलेला असतो.

जपानात चित्र वेगळं. तिथली साप्ताहिकं जाड, खरखरीत कागदाची, वाचून टाकायचीच. ‘शोनेन जंप’चा खप १९९५ च्या सुरुवातीला ६५ लाखांच्या वर गेला होता. जपायचे ते नंतर निघणारे खंड. त्यातही मालिका लांबलचक. ‘वन पीस’नं २०२१ मध्ये शंभरावा खंड गाठला. एवढं ठेवणार कुठे? साध्या मोबाइलच्या काळापासूनच तिथे चौकटी सुट्या करून मांगा, म्हणजे जपानी कॉमिक, विकला जात होता, आणि २०१७ मध्ये डिजिटल मांगाच्या विक्रीनं छापील खंडांना मागे टाकलं. अमेरिकेत कागद टिकून राहिला, कारण तिथे तो मौल्यवान वस्तू झाला होता. जपानात तो बराचसा वाचून बाजूला ठेवायचाच होता, म्हणून सुटला, असं माझं मत.

कोरियानं तर पानच मोडलं. २००३-०४ च्या सुमारास दाउम आणि नेव्हर या पोर्टलांनी कॉमिक्स फुकट दाखवायला सुरुवात केली आणि उभी, सरकत जाणारी पट्टी रुळली. कॉमिककार आणि अभ्यासक स्कॉट मॅक्लाउड यांनी २००० मध्येच ‘अमर्याद फलक’ अशी कल्पना मांडली होती. ती पुढे अंगठ्याच्या सोयीनं एका दिशेला लांबली, एवढंच. तिथे दोन चित्रांमधली कोरी जागा म्हणजे वेळ. दार वाजतं, मग अंगठाभर नुसता पांढरा पडदा, मग दारातला चेहरा. अशा कथा छापायच्या म्हटल्या की पट्टी कापून चौकटी नव्यानं पानावर बसवाव्या लागतात, आणि ती अंगठाभर शांतता दोन मिलिमीटरच्या फटीत मावते. ‘द प्रायव्हेट आय’ हे २०१३ पासून आधी स्क्रीनसाठी आडव्या आकारात निघालेलं कॉमिक २०१५ मध्ये छापलं, तेव्हा पुस्तकच आडवं काढलं. तो मार्ग मला जास्त प्रामाणिक वाटतो.

राहता राहिली मालकी. जेमांगा ही डिजिटल मांगा विकणारी सेवा मे २०१३ मध्ये बंद झाली आणि वाचकांनी पैसे मोजून घेतलेले खंड तिच्यासोबत गेले. कॉमिक्सॉलॉजी २०१४ मध्ये ॲमेझॉननं घेतली, आयफोनच्या ॲपमधलं खरेदीचं बटण गेलं, आणि डिसेंबर २०२३ मध्ये ॲपही. संग्रह किंडलमध्ये हलवले गेले. ‘विकत घ्या’ या बटणामागे विकलं जात होतं ते वाचायचं परवानापत्र.

कागदवाल्यांनी यावर मान डोलवायला हरकत नाही, पण जानेवारी २०२५ मध्ये छापील अंकांची वितरक डायमंडनंही दिवाळखोरीसाठी अर्ज केला. तिच्या गोदामात छोट्या प्रकाशकांनी विकायला ठेवलेल्या, पैसे अजून न मिळालेल्या छापील प्रती पडून होत्या. त्या नेमक्या कुणाच्या, हा वाद न्यायालयात गेला.