मांजरांचा मधुमेह

मांजराच्या शरीरात इन्शुलिन कमी पडू लागले, किंवा असूनही ते लागू पडेनासे झाले, की रक्तातली साखर चढत जाते. हा आजार माणसाच्या दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाच्या जवळचा आहे. उतारवयाकडे झुकलेले, लठ्ठ, नसबंदी झालेले बोके याला अधिक बळी पडतात. पाणी खूप पिणे, लघवी वाढणे आणि पोटभर खाऊनही वाळत जाणे ही त्याची लक्षणे. नागपुरात नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, सगळीच मांजरे पाण्याच्या वाटीपाशी घुटमळतात, त्यामुळे आजार उशिरा ध्यानात येतो. मागच्या पायांचे मज्जातंतू कमजोर झाले, की मांजर बोटांवर न चालता पार टाच टेकून चालते. ही चाल दिसली तर आणखी एक दिवसही थांबू नये.

मांजर जात्याच मांसाहारी. साखर झटपट वापरात आणणारे ग्लुकोकायनेज हे विकर त्याच्या यकृतात फारच थोडे असते. दूध-पोळी, दहीभात आपण मायेने घालतो, पण तीच माया इथे बाधते. विकतच्या कोरड्या दाण्यांतही पिष्ट बरेच असते. ओले, प्रथिनयुक्त आणि पिष्टापासून साधारण 12 टक्क्यांहून कमी ऊर्जा देणारे अन्न चांगले. नुसते उकडलेले चिकन मात्र पुरत नाही; त्यात कॅल्शियम कमी पडते, आणि ज्यात उकडले ते पाणी फेकले तर टॉरिन हे मांजराला अत्यावश्यक असलेले पोषकद्रव्यही जाते.

इन्शुलिन चालू असताना पिष्ट एकाएकी तोडले, तर कालचा डोस आज जास्त ठरतो. म्हणून वाटीतला बदल आधी डॉक्टरांना सांगावा. मांजरांना बहुधा ग्लार्जिन हे दीर्घकाळ काम करणारे इन्शुलिन देतात: दर 12 तासांनी, कातडीची घडी धरून, सुरुवातीला साधारण 1 युनिट. खरा धोका सिरिंजचा आहे. आपल्याकडे लाल टोपणाची, मिलीलिटरला 40 युनिटच्या औषधासाठीची आणि केशरी टोपणाची, मिलीलिटरला 100 युनिटच्या औषधासाठीची, अशा दोन्ही सिरिंज मिळतात. 100 चे औषध लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये 1 च्या खुणेपर्यंत भरले, तर एकाऐवजी अडीच युनिट जाते.

लडखडणे, गळून पडणे किंवा झटके ही साखर उतरल्याची खूण. हिरड्यांना मध चोळावा आणि लगेच डॉक्टरांकडे न्यावे. मांजर जेवलेच नाही, तर न विचारता नेहमीची सुई देऊ नये.

इन्शुलिनची न उघडलेली कुपी 2 ते 8 अंशांत ठेवावी लागते. मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, तेव्हा माठाजवळचा गारवा पुरत नाही. वीज गेल्यास कुपी फडक्यात गुंडाळून बर्फाच्या थर्मासात ठेवावी. बर्फाला थेट लागू देऊ नये, कारण गोठलेले इन्शुलिन निकामी होते.

दवाखान्यात घाबरलेल्या मांजराची साखर भीतीनेच वाढते. त्यामुळे घरी कानाच्या कडेला टोचून घेतलेला थेंब अधिक भरवशाचा. मागच्या दोन-तीन आठवड्यांतल्या साखरेचा अंदाज फ्रुक्टोसामाइन या रक्ततपासणीने येतो. शहरात सेमिनरी हिल्सवर नागपूर पशुवैद्यक महाविद्यालय आहे.

उपचार लवकर सुरू झाले, तर काही मांजरांची सुई काही महिन्यांत सुटते. साखर मात्र पुन्हा चढू शकते, म्हणून कमी पिष्टाचे जेवण आणि कानाचा तो थेंब पुढेही चालू ठेवतात.