कढई निर्दोष, बादली संशयित

वडापावच्या गाडीशी उभं राहिलं की आपली नजर आधी कढईकडे जाते. तेल किती काळं पडलंय, रस्त्यावरची धूळ त्यात जातेय का, एवढं पाहून आपण मनातल्या मनात गाडीला पास-नापास करून टाकतो. मीही तेच करायचो. एकदा भर पावसात स्टेशनबाहेरच्या एका गाडीच्या ताडपत्रीखाली पाऊण तास अडकलो. करायला दुसरं काही नव्हतं, म्हणून मालकाचे हात बघत राहिलो.

उजव्या हातात झारा. त्याच हाताने पाव मधून फाडायचा, चटणी फासायची, वडा दाबायचा, वर तळलेली मिरची. मग तोच हात पैशाला पुढे, सुटे परत द्यायला पुन्हा तोच. अधूनमधून खांद्यावरच्या फडक्याला हात पुसायचा. तेच फडकं पत्र्यावर फिरायचं, कढईचा कान धरायलाही तेच. गाडीखाली एक निळी बादली होती. उष्ट्या प्लेटा त्यात बुडायच्या, निथळायच्या आणि पुन्हा थरावर चढायच्या. पाऊण तासात बादलीतलं पाणी एकदाही बदललं गेलं नाही. वर तेलाचा तवंग आला होता आणि त्यात कोथिंबिरीचं एक पान गोल गोल फिरत होतं.

कढईवर मात्र मी तेव्हापासून संशय घेणं सोडून दिलं. तळणीचं तेल साधारण १७० ते १८० अंश सेल्सिअसला असतं. वड्याच्या आत ओल असल्यामुळे तिथलं तापमान १०० च्या वर जात नाही, पण तेवढं लागतही नाही. साल्मोनेलासारखे जंतू ७० अंशांना काही सेकंदांत मरतात. घाण्यातून नुकता निघालेला वडा घाईने तोडून ज्याने जीभ भाजून घेतली आहे, त्याला हे थर्मामीटरशिवाय कळलेलं असतं. काळं तेल घशाला आणि हृदयाला वाईट, यात वाद नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी पोट धरून बसायची वेळ येते ती सहसा त्याच्यामुळे नव्हे.

पावालाही सोडून द्या. तो भट्टीतून निघालेला असतो आणि तसा कोरडाच. लसूण-खोबऱ्याची लाल सुकी चटणीही बरीच सभ्य आहे. जंतूंना वाढायला मोकळं पाणी लागतं आणि सुक्या चटणीत ते जवळजवळ नसतंच. तिच्यात पडलेला जंतू मरेलच असं नाही, पण त्याची प्रजा वाढत नाही.

हिरव्या चटणीची गोष्ट वेगळी. कोथिंबीर जमिनीलगत वाढते. तिला कुठलं पाणी घातलं होतं हे आपल्याला माहीत नसतं. पानांच्या घड्यांमध्ये आणि देठांच्या बेचक्यांत जंतू घट्ट बसतात, बादलीत एकदा बुचकळून निघत नाहीत. मग ती कच्चीच वाटली जाते, म्हणजे एका काडीवरचे जंतू अख्ख्या पातेल्यात सारखे पसरतात. त्यानंतर ते पातेलं संध्याकाळभर उघड्यावर, कढईच्या उबेला. अन्न ५ ते ६० अंशांच्या मध्ये ठेवू नये असं अन्नसुरक्षेवाले सांगतात, आणि गाडीवरची चटणी नेमकी त्या पट्ट्याच्या मधोमध असते. मनासारखं अन्न, ऊब आणि ओल मिळाली तर ई. कोलाय हा जंतू दर २० मिनिटांनी दुप्पट होतो. संध्याकाळी ५ वाजता चमचाभर चटणीत १०० जंतू असतील, तर त्या हिशेबाने रात्री ९ ला ४ लाख होतात. लिंबू पिळलेलं असेल तर वेग पुष्कळ कमी होतो, त्यामुळे प्रत्यक्षात आकडा इतका फुगेलच असं नाही. तरी नऊची चटणी ही पाचची चटणी नसते, एवढं खरं.

पाणीपुरीचं पाणी चिंचेमुळे चांगलंच आंबट असतं, आणि आंबटपणात जंतू मरतात असं पाणीपुरीप्रेमी छातीठोकपणे सांगतात. अर्धं बरोबर आहे. आंबटपणा बहुतेकांची वाढ रोखतो, पण रोखणं आणि मारणं यात फरक आहे. शिगेला नावाचा जंतू आम्लाला असा काही सरावलेला असतो की आपल्या जठरातल्या आम्लातूनही तो सुखरूप पार होतो. म्हणूनच आव पडायला त्याचे १० ते १०० जंतूसुद्धा पुरतात. उलट कॉलराचा जंतू आम्लापुढे नाजूक. धडधाकट माणसाला नुसत्या पाण्यातून आजारी पाडायला त्याचे कोट्यवधी लागतात. पोटात अन्न असेल आणि आम्ल सौम्य झालं असेल, तर मात्र बऱ्याच कमी जंतूंत काम होतं.

क्लोरिनचा मुद्दा त्याहून महत्त्वाचा आणि फारसा कुणाच्या लक्षात न येणारा. नळाला येणाऱ्या पाण्यात लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरिन शिल्लक असावा असा आपल्याकडचा दंडक आहे. तो वाटेत काही घुसलं तर मारायला ठेवलेला पहारेकरी. आता त्या पाण्यात पुदिना, कोथिंबीर, मिरची, चिंचेचा कोळ घाला. क्लोरिनला जंतू कुठला आणि पुदिना कुठला हे कळत नाही, तो समोर येईल त्या सेंद्रिय पदार्थाशी झटापट करतो आणि संपतो. म्हणजे ‘आम्ही महापालिकेचंच पाणी वापरतो’ हे पाणीपुरीवाल्याचं म्हणणं शंभर टक्के खरं असलं, तरी मडक्यातल्या पाण्याला पहारा उरलेला नसतो. त्यात कोपरापर्यंत हात बुडवून तो पुरी भरतो.

आणि बर्फ. गोठवल्यावर काही जंतू मरतात, पुष्कळ नुसते झोपतात, ग्लासात विरघळले की उठतात. मासळी आणि कारखान्यांसाठीचा बर्फ पिण्याच्या पाण्याचा असावा असा आग्रह नसतो, आणि तोच गोणपाटावरून फरफटत उसाच्या रसात यायचा. त्यावर महाराष्ट्रात २०१८ साली एक झकास साधा उपाय निघाला. खाण्यासाठी नसलेल्या बर्फात निळा रंग घालायचा. प्रयोगशाळा नको, परवाना तपासायला नको, गिऱ्हाइकाने फक्त बघायचं. रसवंतीवर गेलात तर लादीचा रंग बघत जा.

कढईला निर्दोष म्हटलं खरं, पण एक गोष्ट तिच्याही हाताबाहेरची आहे. वड्याची भाजी सकाळी होते, तिचे गोळे हाताने वळले जातात. साधारण तीनातल्या एका निरोगी माणसाच्या नाकात स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतू मुक्कामाला असतो. नाक पुसलं, गोळा वळला, जंतू गोळ्यात. पुढचे सहा-सात तास गोळे तसेच परातीत राहिले तर जंतू वाढतो आणि एक विष सोडतो. तळल्यावर जंतू मरतो, विष मरत नाही. शिळ्या भातातल्या बॅसिलस सेरियसचं उलटी करवणारं विष तर १२१ अंशांवर दीड तास टिकतं. म्हणून चायनीजच्या गाडीवरचा सकाळचा भात रात्री कितीही मोठ्या आचेवर परतला, ज्वाळा कढईच्या वर गेल्या, तरी तो ताजा होत नाही. तो देखावा छान असतो, एवढंच.

मेयोनीजने हा खेळ आणखी बिघडवला. कच्च्या अंड्यात तेल फेटून केलेल्या पांढऱ्या लगद्याला ना आच लागते ना कुणी तो थंड ठेवतो. तेलंगणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये आणि तमिळनाडूने एप्रिल २०२५ मध्ये कच्च्या अंड्याच्या मेयोनीजवर वर्षभराची बंदी घातली. शोरमाचीही तीच कथा: बाहेरचा थर भाजलेला, आतला अजून कच्चा, आणि गर्दी वाढली की सुरी आत घुसते. मे २०२२ मध्ये केरळात कासारगोड जिल्ह्यात शोरमा खाऊन एक मुलगी दगावली आणि पुष्कळ जण आजारी पडले, तेव्हा नमुन्यांत शिगेला सापडला होता. त्या मानाने गोव्यात म्हापशाला गोबी मंचुरियनवर बंदी आली तेव्हा सगळी चर्चा रंगाभोवती फिरली. रंग डोळ्यांना दिसतो, म्हणून त्याच्यावर भांडण लवकर लागतं.

पोट बिघडलं की आपण शेवटचा घास पकडतो. ‘काल पाणीपुरी खाल्ली ना, तेच.’ तपासाची ही पद्धत फार कच्ची आहे. स्टॅफिलोकॉकसचं विष अर्ध्या तासापासून आठ तासांत रंग दाखवतं, तिथे शेवटचा घास गुन्हेगार असू शकतो. साल्मोनेला ६ तासांपासून ६ दिवस घेतो, कॅम्पिलोबॅक्टर २ ते ५ दिवस, टायफॉइड एक ते तीन आठवडे. ‘अ’ प्रकारची कावीळ, जी जंतूंची नसून विषाणूची असते, सरासरी चार आठवड्यांनी उगवते. तोवर तुम्ही पंचवीस ठिकाणी खाल्लेलं असतं आणि कालची गाडी उगाच बदनाम होते. याची दुसरी बाजू अशी की ‘गेली वीस वर्षं खातोय, काही झालं नाही’ हे म्हणणाऱ्याला काय झालं होतं आणि कशाने, हे खरं तर ठाऊकच नसतं. त्याच्या म्हणण्यात थोडं तथ्य आहे. इथल्या काही जंतूंची आपल्या आतड्याला ओळख झालेली असते. अमेरिकेहून सुट्टीला आलेला भाचा पहिल्याच शेवपुरीला आडवा होतो आणि मामा ढेकर देतो, ते यामुळे. टायफॉइडच्या बाबतीत मात्र मामाने भरवसा ठेवू नये.

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याच्या परिसरात गियाँ-बारे सिंड्रोमचे रुग्ण एकदम वाढले, बघता बघता संशयितांची संख्या दोनशेवर गेली. हातापायांतलं बळ जाणारा हा आजार. अनेक रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी सापडला. या जंतूच्या बाह्य आवरणातले काही रेणू आपल्या मज्जातंतूंवरच्या रेणूंसारखे दिसतात, त्यामुळे जंतूवर सोडलेली आपलीच फौज कधीकधी मज्जातंतूंवर तुटून पडते. त्या दिवसांत लोकांनी गाड्यांवरचं खाणं सोडलं. तपासणाऱ्यांचा मुख्य संशय मात्र पाण्यावर होता, आणि पाणी घराघरांत पोचलेलं होतं.

वर्तमानपत्रात दरवर्षी छापून येतं: अमुक इतक्या नमुन्यांत ई. कोलाय आढळला. याचा अर्थ त्या वडापावने सगळे मरणार असा नाही. ई. कोलाय आपल्या सगळ्यांच्या आतड्यात राहतो आणि त्याचे बहुतेक प्रकार निरुपद्रवी असतात. तो चटणीत सापडला, तर विष्ठेतलं काहीतरी तिथवर पोचलं एवढं त्यातून कळतं. आणि ज्या वाटेने तो आला त्याच वाटेने टायफॉइड येऊ शकतो. जंतूपेक्षा वाटेची बातमी मोठी.

ती वाट मी त्या दिवशी मालकाला विचारली होती. पाणी कुठून आणता? ‘समोरच्या सोसायटीचा वॉचमन दोन कॅन भरू देतो. तिसरा मागितला तर सेक्रेटरी खाली येतात.’ एका कॅनवर चहा, चटणी आणि पिण्याचं पाणी, दुसऱ्यावर धुणं. आणि संडासला? ‘पुलापलीकडे. पण गाडी सोडून कोण जाणार, दुपारपासून तसाच उभा आहे.’ तिथे साबण असतो का, हे विचारायचं मला सुचलं नाही. अहमदाबादच्या कांकरिया तलावाकाठच्या गाड्यांना २०१८ मध्ये देशातला पहिला ‘क्लीन स्ट्रीट फूड हब’ असा शिक्का मिळाला. आमच्या स्टेशनबाहेर अजून एक नळ यायचा आहे. ग्लोव्ह्ज घालायला सांगणं सोपं असतं. न बदललेला ग्लोव्ह म्हणजे न धुतलेला हातच, आणि वर घालणाऱ्याला हात चिकट झाल्याचं कळतही नाही. क्यूआर कोडने मात्र माझ्या मते नकळत बरं काम केलं आहे, नोटांना हात लागणं कमी झालं.

मी वडापाव सोडलेला नाही. झाऱ्यातून उतरलेला वडा, पाव, सुकी चटणी, कागदात, प्लेटीत नाही. मालकाला आता माझी खोड कळली आहे. मी लांबून दिसलो की तो हसून हिरव्या चटणीवर झाकण ठेवतो आणि नवा घाणा सोडतो.