आतड्याच्या कॅन्सरची टेस्ट आहे, पण लोक ती करतात का?

2022 साली एका मोठ्या अभ्यासाचे आकडे आले आणि जगभर बातम्या फिरल्या की कोलोनोस्कोपीचा, म्हणजे गुदद्वारातून कॅमेऱ्याची लवचीक नळी आत घालून मोठं आतडं बघायच्या तपासणीचा, म्हणावा तेवढा उपयोग होत नाही. नॉर्वे, स्वीडन आणि पोलंडमधल्या 55 ते 64 वयाच्या जवळपास 85 हजार लोकांवरचा हा अभ्यास, त्यातल्या 28 हजारांहून जास्त लोकांना कोलोनोस्कोपीसाठी बोलावलं, बाकीच्यांना नाही, आणि दहा वर्षांनी बघितलं तर बोलावलेल्या गटात मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा धोका फक्त 18 टक्क्यांनी कमी होता. मृत्यूंमध्ये तर ठामपणे सांगता येईल असा फरक दिसलाच नाही.

पण बोलावलेल्यांपैकी तपासणी करून घेतली होती फक्त 42 टक्के लोकांनी! निम्म्याहून जास्त लोक आलेच नाहीत आणि तरीही हिशोबात ते 'बोलावलेले' म्हणूनच धरले गेले. यात संशोधकांचं काही चुकलं नाही, उलट योजना राबवली तर समाजाला एकूण किती फायदा होईल हे याच पद्धतीने कळतं. ज्यांनी खरंच करून घेतली त्यांच्यापुरता अंदाज काढला तर धोका साधारण 31 टक्क्यांनी कमी झालेला दिसतो. (हा आकडाही जपूनच वापरायचा, कारण बोलावल्यावर येणारी माणसं बरेचदा मुळातच तब्येतीला जपणारी असतात.) मला तरी या सगळ्यातून एकच गोष्ट दिसते, टेस्ट किती चांगली आहे याइतकंच ती किती जण करतात हेही विज्ञानाचंच काम आहे, आणि त्याकडे आपण फार कमी लक्ष देतो.

जगात सगळ्यात जास्त होणाऱ्या कॅन्सरमध्ये मोठं आतडं आणि गुदाशयाचा कॅन्सर तिसरा आहे, आणि कॅन्सरने होणाऱ्या मृत्यूंमध्ये दुसरा. वर्षाला 19 लाखांहून जास्त नवे पेशंट, 9 लाखांहून जास्त मृत्यू. आणि वाईट याचं वाटतं की हा कॅन्सर आपल्याला भरपूर वेळ देतो. बहुतेक वेळा सुरुवात आतड्याच्या आतल्या अस्तरावर आलेल्या छोट्या गाठीपासून होते, तिला पॉलिप म्हणतात. सगळ्या पॉलिपचा कॅन्सर होत नाही, पण ज्यांचा होतो त्यांना साधारण दहा वर्षं किंवा त्याहून जास्त काळ लागतो. या काळात माणसाला काहीही जाणवत नाही, दुखत नाही, भूक लागते, सगळं व्यवस्थित. कोलोनोस्कोपी करताना डॉक्टरला असा पॉलिप दिसला तर तो बहुतेक वेळा तिथल्या तिथे काढून टाकता येतो, म्हणजे कॅन्सर लवकर सापडणं तर आहेच पण तो होण्याआधीच थांबवताही येतो. असं फार कमी कॅन्सरच्या बाबतीत जमतं.

आता अडचण अशी की कोलोनोस्कोपी म्हणजे आदल्या दिवशी औषध घेऊन पोट पूर्ण साफ करायचं, सुट्टी काढायची, सोबत कुणाला तरी न्यायचं, आणि लाज वाटते ती वेगळीच. म्हणून दुसरा पर्याय शौचाच्या तपासणीचा, तिचं नाव फिट. घरीच काडीने थोडासा नमुना घ्यायचा, बाटलीत टाकायचा, लॅबला पाठवायचा. पॉलिप आणि कॅन्सरमधून अगदी थोडं रक्त झिरपत असतं जे डोळ्यांना दिसत नाही, ते ही टेस्ट पकडते. माणसाच्या रक्तातलं ग्लोबिन नावाचं प्रथिन ओळखणाऱ्या अँटीबॉडी वापरतात त्यामुळे मटण खाल्लं म्हणून रिझल्ट चुकेल ही भीती नाही, जुन्या टेस्टला ती होती. फिट एकदा केली तर कॅन्सर असलेल्यांपैकी साधारण 79 टक्के पकडते पण पॉलिप बरेच सुटतात, म्हणून ती दर वर्षी किंवा दोन वर्षांनी करत राहायची असते.

मग चांगली कुठली? स्पेनमध्ये हीच तुलना केली. कोलोनोस्कोपीला बोलावलेल्यांपैकी 24.6 टक्के आले, फिटला 34.2 टक्के. पहिल्या फेरीत धोकादायक पॉलिप कोलोनोस्कोपीत दुपटीहून जास्त सापडले, पण कॅन्सर सापडले 30 आणि 33, म्हणजे जवळपास सारखेच, आणि दहा वर्षांनंतरचे आकडे आले तेव्हा या कॅन्सरने होणारे मृत्यूही दोन्ही गटांत जवळपास सारखे होते. साधी टेस्ट जास्त लोकांनी केली आणि तिथेच हिशोब बराचसा भरून निघाला.

इंग्लंडचं उदाहरण मला सगळ्यात बोलकं वाटतं. तिथल्या जुन्या टेस्टला तीन वेळच्या शौचाचे नमुने लागायचे, फिटला एकच. प्रयोग म्हणून काही लोकांना फिट पाठवली तर सहभाग 59.3 वरून 66.4 टक्क्यांवर गेला, आणि ज्यांनी आधी बोलावूनही कधी केली नव्हती त्यांच्यात 12.5 वरून 23.9! म्हणजे ज्यांना आपण बेफिकीर म्हणून सोडून देतो त्यातल्या कितीतरी जणांना फक्त ते सगळं करणं जड जात होतं. सॅन फ्रान्सिस्कोच्या एका अभ्यासातही तेच, फक्त कोलोनोस्कोपी सुचवली तर वर्षभरात 38 टक्के लोकांनी तपासणी पूर्ण केली, कोलोनोस्कोपी किंवा शौचाची तपासणी, कुठलीही करा म्हटलं तर 69 टक्के.

दोन गोष्टी मात्र नीट लक्षात घ्या. फिट पॉझिटिव्ह आली म्हणजे कॅन्सर आहे असं नाही, बहुतेकांना नसतो, पण कोलोनोस्कोपी करावीच लागते आणि लवकर करावी लागते. 'मूळव्याध असेल' म्हणून किंवा परत एकदा फिट करून बघू म्हणून ती टाळली तर आधीच्या टेस्टचा काही उपयोग राहत नाही. आणि स्क्रीनिंग, म्हणजे अशी आधीच करून घ्यायची तपासणी, हे त्रास नसलेल्यांसाठी असतं, सहसा 45 किंवा 50 नंतर, पण घरात आई-वडील किंवा भावंडांपैकी कुणाला हा कॅन्सर झाला असेल तर त्याआधीच डॉक्टरला विचारा. शौचावाटे रक्त जात असेल, शौचाची सवय अचानक बदलून तशीच राहिली असेल, विनाकारण वजन उतरत असेल किंवा रक्त कमी झालं असेल, तर वय कितीही असो, घरच्या किटची वाट न बघता सरळ डॉक्टरकडे जा.