उकाडा वेगळा, ऊन वेगळं

तान्हं बाळ घेऊन परदेशात समुद्रकिनारी महिना-दोन महिने राहायला निघालेले आईबाप एक प्रश्न हमखास विचारतात, "तिकडे टेम्परेचर किती असतं?" पंचवीस-सव्वीस म्हटलं की चेहरा खुलतो. "मग काय, बाळाला उन्हाचा त्रास नाही!" माझा राग आहे तो या 'मग'वर. पंचवीस अंश या आकड्यावरून बाळाला उकडेल की नाही एवढंच कळतं. त्याची कातडी भाजेल की नाही, हे तो आकडा सांगतच नाही.

घोळ थोडा भाषेचाही आहे. 'ऊन लागलं' म्हणजे अंगात उष्णता साठली, ताप चढला, माणूस मलूल झाला. 'उन्हाने कातडी भाजली' म्हणजे अतिनील किरणांनी, यूव्हीने, त्वचेला इजा केली. शब्द दोन्हीकडे एकच, म्हणून डोक्यातला कप्पाही एकच.

उकाड्याबद्दल फार लिहीत नाही, ऊन लागणं म्हणजे काय हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. बाळाचं अंग मोठ्यांपेक्षा लवकर तापतं, घामाने गार होण्याची त्याची यंत्रणा अजून कच्ची असते. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला वरचं पाणी द्यायचं नाही, दूधच जास्त वेळा पाजायचं. लघवी कमी झाली, टाळू खोल गेलेली दिसली किंवा बाळ निपचित पडून राहू लागलं, तर डॉक्टर गाठायचा. झालं.

आता यूव्ही. तिचं मोजमाप यूव्ही इंडेक्स. कॅनडाने ते १९९२ मध्ये सुरू केलं, पुढे जागतिक आरोग्य संघटनेनेही स्वीकारलं. २ पर्यंत किरकोळ, ३ पासून झाकपाक सुरू, ८ पासून अति, ११ पासून पराकोटीचं. हा आकडा हवामानाच्या बहुतेक ॲपमध्ये असतो, फक्त तापमानाच्या खाली कुठेतरी, जिथवर बोट सरकवायचे कष्ट कुणी घेत नाही.

दोन आकड्यांची फारकत का होते? यूव्ही मुख्यतः सूर्य आकाशात किती वर आहे यावर ठरते. हवा मात्र सावकाश तापते, म्हणून उशिरा तापते. सूर्य डोक्यावर आला की यूव्ही कळसाला, उकाडा मात्र त्यानंतर दोन-तीन तासांनी. वर्षाचंही तसंच. युरोपसारख्या, कर्कवृत्ताच्या बऱ्याच उत्तरेकडच्या भागात सूर्य २१ जूनच्या सुमारास सर्वांत वर असतो, पण खरा उकाडा जुलै-ऑगस्टचा. त्यामुळे १५ मे आणि २८ जुलै या दोन दिवशी दुपारचा सूर्य जवळपास सारख्याच उंचीवर असतो. जुलैत सगळे सावली शोधतात, मे महिन्यात त्याच किनाऱ्यावर बाळाला उघडं खेळवतात, कारण 'हवा छान आहे'.

समुद्राकाठी हा फसवा प्रकार आणखी वाढतो. वारा अंगाला गार लागतो, यूव्हीला तो अडवत नाही. आफ्रिकेजवळच्या, स्पेनच्या कॅनरी बेटांवर भर उन्हाळ्यातही व्यापारी वाऱ्यांमुळे किनाऱ्यावर दुपारी साधारण सव्वीस-सत्तावीस अंशच असतात आणि इंडेक्स सर्रास ८ च्या वर असतो. न्यूझीलंडमध्ये तर जानेवारीत ऑकलंडला दुपारचे चोवीस अंश आणि इंडेक्स ११ च्या पुढे. तिथली हवा स्वच्छ, यूव्ही अडवणारा ओझोन तुलनेने विरळ, शिवाय जानेवारीत पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते. तापमान पाहून ठिकाण निवडणाऱ्याला ही दोन्ही ठिकाणं 'बाळासाठी मऊ' वाटतात.

दुसरी चीड येते ती घड्याळाच्या सल्ल्याची. 'अकरा ते तीन बाहेर काढू नका.' कुठल्या घड्याळाचे अकरा? स्पेनच्या पश्चिम टोकाला, गॅलिसियात, उन्हाळ्यात सूर्य माथ्यावर येतो तो दुपारी अडीचनंतर. घड्याळात साडेतीन वाजले म्हणून बाळाला वाळूवर नेणारे लोक तिथे जवळजवळ भर माध्यान्हीच पोहोचलेले असतात. घड्याळ सोडा, सावली बघा. तुमची सावली तुमच्या उंचीपेक्षा आखूड असेल तर बाळाला उघड्यावर न्यायचं नाही. लांब झाली की बाळाला घेऊन निघा. ना ॲप लागतं, ना देश बदलल्यावर हिशेब बदलावा लागतो.

छत्रीबद्दलचा गैरसमज मला स्वतःलाच महागात पडला. पोर्तुगालचा पश्चिम किनारा, आमचं बाळ आठ महिन्यांचं. वारा असा की आम्ही स्वेटर घातले होते. बाळ छत्रीखाली चटईवर दोन तास खेळलं, एकदाही उन्हात गेलं नाही. संध्याकाळी अंघोळ घालताना पाय पाण्यात बुडवले तशी किंचाळलं. पाणी गरम असेल म्हणून आधी कोपर बुडवून पाहिलं, कोमटच होतं. मग पाय नीट पाहिले. रांगताना विजार वर सरकली होती, तिथून खाली घोट्यापर्यंत गुलाबी पट्टा. बोट टेकवलं की पांढरा ठसा उमटायचा आणि सावकाश पुन्हा लाल व्हायचा. भाजल्याची लाली अशीच काही तासांनी उमटते, त्यामुळे 'लाल दिसलं की उठू' हा बेत मुळातच निरुपयोगी. (वर्षाच्या आतलं बाळ असं भाजलं तर घरगुती लेप लावत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.)

छत्रीखाली भाजलं कसं? छत्री थेट ऊन अडवते. पण यूव्हीचा मोठा भाग थेट सूर्याकडून येतच नाही, तो सगळ्या आकाशातून पसरून येतो. ज्या निळाईचं आपण कौतुक करतो, ती अशा पसरलेल्या प्रकाशाचीच. बाळाच्या जागी आडवे पडून पाहा. छत्रीच्या कडेबाहेर जेवढं आकाश दिसतं, तेवढी यूव्ही त्याच्यावर येते आहे. वर कोरडी वाळू सुमारे १५ टक्के आणि लाटांचा फेस सुमारे २५ टक्के परत उडवतो. तीन बाजूंनी बंद असलेला छोटा तंबू किंवा दाट झाडाची, इमारतीची सावली बरी. एकट्या दांड्यावरची छत्री ही मोठ्यांच्या पुस्तकवाचनासाठी.

दोन्ही त्रासांचे उपाय बरेचदा एकमेकांच्या विरुद्ध जातात, खरी पंचाईत तिथे आहे. उकाड्यावर उपाय म्हणजे कपडे काढा, वारा लागू द्या. यूव्हीवर उपाय म्हणजे झाका. एकच गोष्ट धरून बसणारा दुसरीत फसतो. बाबागाडीवर मलमलीचं दुपटं पांघरणं हा त्याचा उत्तम नमुना. आत अंधार झाला म्हणून आपण खूश, पण वारा बंद झाला आणि आत भट्टी. आणि ज्या कापडातून पलीकडचं दिसतं, त्यातून यूव्हीही जाते. तंबूचंही तेच, उकडायला लागला तर त्यात बाळाला निजवायचं नाही. दोन्ही साधायचं तर सैल, हलकं, पण घट्ट विणीचं पूर्ण बाह्यांचं अंगडं, मान झाकणारी टोपी, आणि गाडीला वारा खेळता ठेवणारी छत्री. कापड उजेडाकडे धरून पाहा. दिवा लख्ख दिसला तर ते या कामाचं नाही. साधा सुती टीशर्ट ओला झाला की आणखी कुचकामी, त्यामुळे पाण्यात यूपीएफ ५० चाच पोशाख. यूपीएफ म्हणजे कापड यूव्ही किती अडवतं त्याचा आकडा, ५० चं कापड पन्नासातला एक भागच आत येऊ देतं.

सनस्क्रीनचा मान शेवटचा. सहा महिन्यांच्या आत सावली आणि कपडे हाच उपाय. सावली मिळणंच शक्य नसेल तर झाकता न येणाऱ्या थोड्या भागावर लावतात, तेवढंच. नंतर झिंक ऑक्साइडचं, एसपीएफ ३० किंवा वर, दर दोन तासांनी आणि पाण्यातून आल्यावर पुन्हा. ३० की ५०, लहान मुलांचं की मोठ्यांचं, यावर तासभर वाद घालणारे पालक ते पुन्हा लावायला विसरतात.

महिना निवडायला मोकळे असाल आणि भूमध्य समुद्राकाठी जाणार असाल, तर माझं मत ठाम आहे, सप्टेंबर. मे महिन्यात तिथलं पाणी बऱ्याच ठिकाणी १८-१९ अंश, म्हणजे बाळाला पाण्यात घालता येत नाही, आणि ऊन मात्र जुलैच्या तोडीचं. सप्टेंबरात उन्हाळाभर तापलेलं पाणी २४-२५ अंशांवर असतं आणि सूर्य बराच खाली उतरलेला. 'जूनमध्ये गर्दी नसते, उकाडाही नसतो' असं कुणी पटवायला लागलं, तर त्यांना विचारा, दुपारी सावली केवढी पडते?